'हवा असणार' हे निदान नव्हे

ब्रेकचं पॅडल मऊ लागतंय अशी तक्रार घेऊन कोल्हापूरच्या राजारामपुरीतून कुठल्याही दिशेला निघा, उत्तर एकच मिळतं : "हवा असणार. ब्लीड करून टाकू." गल्लीतला गाडीवेडा मित्र हेच सांगतो, जनता बाजार चौकातल्या चहाच्या टपरीवरचा जाणकार हेच सांगतो आणि पलीकडे उद्यमनगरात ज्याच्या हाताखालून शेकडो गाड्या गेल्या असा मिस्त्रीही बॉनेट उघडण्याआधी हेच सांगतो. ब्लीड करूनही पॅडल सुधारलं नाही, तर पुढची उत्तरंही ठरलेली आहेत. मास्टर सिलिंडरचं किट टाका, स्टीलच्या जाळीचे होज बसवा, मोठे कॅलिपर लावा. आणि खिसा रिकामा झाल्यावर शेवटचं : "स्पोर्ट्स कार हाय ओ, असंच असतंय. दोनदा मारा की, लागतोय ब्रेक."

या सगळ्या उत्तरांना माझा विरोध आहे. त्यातलं प्रत्येक उत्तर कधी ना कधी बरोबर ठरतं, हे मान्य करून विरोध आहे. आक्षेप एवढाच की यातलं एकही उत्तर प्रश्न विचारून आलेलं नाही. पॅडल कधी मऊ होतं? सकाळी पहिल्यांदा दाबताना, की घाट उतरल्यावर? सरळ रस्त्यावर, की जोरात वळण घेतल्यानंतर? दाबून धरलं तर हळूहळू खाली जातं, की जिथं थांबतं तिथंच राहतं? ही विचारपूस न करता पाना हातात घेणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आणि हे घडतं कुठं, तर लेथवर काम शिकणारा पोरगासुद्धा डायल गेज लावल्याशिवाय जॉब पास करत नाही, अशा गावात. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून माल परत येतो. तेच गाव ब्रेकच्या बाबतीत मात्र अंगठ्याच्या अंदाजावर चालतं.

आधी 'हवा' या सिद्धांताकडे बघू. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर पॅडल मऊ होतं, यात वाद नाही. ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि तेवढी पॅडलची चाल वाया जाते. पण अडकलेली हवा येत-जात नसते. ती सोमवारी असते तशी मंगळवारी असते, सपाटीवर असते तशी घाटात असते. म्हणून हवेचं पॅडल रोज, प्रत्येक वेळी, जवळजवळ सारखंच मऊ लागतं आणि भराभर चार वेळा पंप केलं की वर येतं. शिवाय हवा आपोआप आत शिरत नाही. कॅलिपर उघडला, होज बदलला, टाकीतलं ऑईल तळाला गेलं किंवा कुठून तरी गळती झाली, असं काहीतरी आधी घडलेलं असतं. नुकतंच काम झालेल्या गाडीबद्दल 'हवा' म्हणणं शहाणपणाचं आहे. पण सहा महिने कुणी हात न लावलेल्या गाडीचं पॅडल सकाळी घट्ट आणि दुपारी मऊ असेल, तर त्याचा दोष हवेवर टाकता येत नाही. कायम हजर असणारं कारण अधूनमधून येणाऱ्या लक्षणाचा खुलासा करू शकत नाही. माझं सगळं भांडण या एका वाक्यात आहे.

यावर मिस्त्रीचं उत्तर मला ठाऊक आहे : "अहो, ब्लीड केल्यावर गाडी बरी झाली ना? मग?" बरी झाली, खरं आहे. पण कशानं? ब्लीड करताना जुनं ऑईल निघून नवं ऑईल आत आलं, त्यानं बरी झाली असेल तर?

ब्रेक ऑईल हवेतली ओल पितं. टाकीच्या झाकणातून, रबरी होजच्या भिंतीतून पाणी आत जात राहतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४०, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे ओलं झालेलं डॉट ४ कोऱ्या डॉट ३ पेक्षाही पन्नास अंश आधी उकळू शकतं. बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलायला सांगतात, ते उगाच नव्हे. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवाच भिजलेली असते, आणि हौसेच्या गाड्या तर महिनोन् महिने झाकून ठेवलेल्या असतात. किलोमीटर वाढत नाहीत, म्हणून मालक ऑईल बदलत नाही. पण पाणी किलोमीटर मोजत नाही.

आता ही गाडी रविवारी गगनबावड्याहून करूळ घाटानं कोकणात उतरते. गाडी माणसांसह दीड टनाची आणि उतार उभा ५०० मीटरचा धरा. एवढं वजन एवढं खाली आणताना सुमारे ७४ लाख ज्यूल ऊर्जा कुठं तरी जिरवावी लागते. ताशी १०० किलोमीटरवरून तीच गाडी एकदा पूर्ण थांबवायला सुमारे ५.८ लाख ज्यूल लागतात. म्हणजे इंजिन आणि हवेचा विरोध यांनी काहीच भार उचलला नाही, तर घाट उतरणं हे ताशी शंभरवरून लागोपाठ बारा-तेरा वेळा थांबण्याइतकं पडतं. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर इंजिन त्यातला मोठा वाटा उचलतं. ऑटोमॅटिक गिअर 'डी'मध्ये ठेवून पाय ब्रेकवर टेकवत उतरलं, तर जवळपास सगळी उष्णता डिस्क, पॅड आणि तिथून कॅलिपरमधल्या ऑईलमध्ये जाते. ऑईल उकळतं, त्याची वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. पॅडल फळीला टेकतं.

मग माणूस घाबरून थांबतो, चहा पितो, अर्ध्या तासानं दाबून बघतो तर पॅडल घट्ट. वाफ थंड होऊन पुन्हा द्रव झालेली असते. सोमवारी गाडी गॅरेजला येते तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. पुरावा घाटातच संपलेला असतो. मिस्त्री दाबून बघतो, "पॅडल तर बरोबर हाय," म्हणतो, तरीही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी ब्लीड करतो, नवं ऑईल भरतो. पुढच्या खेपेला घाटात त्रास होत नाही आणि 'हवा होती' हा सिद्धांत आणखी पक्का होतो. उपचार लागू पडला, निदान मात्र चुकलं. याची किंमत दोन वर्षांनी कळते. कारण मालकाला 'हवा निघाली' एवढंच माहीत असतं, ऑईलला मुदत असते हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

इथं आणखी एक घोटाळा नेहमी होतो. घाटात ब्रेक 'गेला' म्हणजे प्रत्येक वेळी ऑईल उकळलं असं नाही. पॅडचं मिश्रण आपल्या मर्यादेपलीकडे तापलं तर घर्षण कमी होतं. तेव्हा पॅडल घट्ट राहतं, फक्त गाडी थांबत नाही. ऑईल उकळलं तर पॅडलच खाली जातं. एकाला वेगळे पॅड हवेत, दुसऱ्याला वेगळं किंवा नवं ऑईल. पायाला काय जाणवलं हे विचारलं नाही, तर दोन्हींना एकच बिल लागतं.

आता 'दोनदा मारा की' या सल्ल्याकडे येतो. मला तो सगळ्यात घातक वाटतो, कारण तो खराच लागू पडतो. पहिल्यांदा पॅडल खोल जातं, दुसऱ्यांदा जागेवर लागतं. हे जोरात वळण घेतल्यानंतर किंवा खड्ड्यांच्या रस्त्यानंतर होत असेल, तर बहुतेक वेळा डिस्कनं पॅड मागे ढकललेले असतात. चाकाच्या बेअरिंगला प्ले असतो, हब लवतो किंवा डिस्क वाकडी फिरते. तशी डिस्क पॅडना आणि पॅड पिस्टनना कॅलिपरमध्ये नेहमीपेक्षा आत ढकलतात. पुढच्या दाबाला आधी ही वाढीव फट भरावी लागते. ती भरली की दुसरा दाब नेहमीसारखा.

ही फट किती असते? कॅलिपरचा पिस्टन ५७ मिलिमीटर व्यासाचा, मास्टर सिलिंडर २२ मिलिमीटरचा, आणि पॅडलचं प्रमाण चारास एक असं धरा. पिस्टनचं क्षेत्रफळ मास्टर सिलिंडरच्या सुमारे ६.७ पट भरतं. पुढच्या दोन्ही चाकांचे पिस्टन फक्त ०.३ मिलिमीटर मागे ढकलले गेले, तर मास्टर सिलिंडरला जवळपास ४ मिलिमीटर जादा सरकावं लागतं आणि पायाखाली पॅडल १६ मिलिमीटर जादा खाली जातं. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट, आणि पॅडल बोटभर खाली! दोन्ही बाजूंनी पिस्टन असलेल्या फिक्स्ड कॅलिपरला हा त्रास जास्त होतो. तरंगता कॅलिपर डिस्कबरोबर थोडा सरकून तडजोड करतो, फिक्स्ड कॅलिपर करत नाही. आणि स्पोर्ट्स कारला बऱ्याचदा फिक्स्ड कॅलिपरच असतात. म्हणून 'स्पोर्ट्स कारला असंच असतंय' हे वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. असं का असतंय, हे पुढं विचारलं की बेअरिंग सापडतं.

ताशी ८० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पहिला दाब फुकट गेला, पाय उचलला, पुन्हा दाबला, यात अर्धा सेकंद गेला तरी ११ मीटर गेले. आंब्याच्या घाटात समोरून आडवा आलेला ट्रक ११ मीटर थांबून राहत नाही. 'दोनदा मारा' हा सल्ला देणाऱ्यानं हे ११ मीटर कुठून आणायचे तेही सांगावं.

ही काही नवी भानगड नाही. जॅग्वारनं सी-टाइप गाडीवर डनलॉपचे डिस्क ब्रेक आजमावले, तेव्हा चाचणीत नेमक्या याच दोन गोष्टींनी सतावलं : ऑईल उकळणं आणि हब लवून पॅड मागे ढकलले जाणं. नॉर्मन ड्यूइस हा त्यांचा चाचणीचालक त्या कामात होता. १९५२ मध्ये रँसला स्टर्लिंग मॉसनं डिस्क ब्रेकच्या सी-टाइपवर शर्यत जिंकली आणि १९५३ मध्ये त्याच मॉडेलच्या गाडीनं ल मांची शर्यत जिंकली. या दोन दुखण्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय ते झालं नसतं. सत्तर वर्षांपूर्वी जे वेगवेगळं ओळखलं गेलं, त्याला आज आपण सरसकट 'हवा' म्हणतो.

आपल्याकडे हे ज्ञान नाही असंही नाही. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे. ध्रुव मोहिते, ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेलेला कृष्णराज महाडिक यांच्यासारखी नावं या मातीतली आहेत. रेसिंगमध्ये ड्रायव्हर गाडी आत आणतो तेव्हा 'ब्रेक मऊ आहे' एवढ्यावर कुणी समाधान मानत नाही. कितव्या लॅपला, कुठल्या वळणानंतर, पहिल्या दाबाला की शेवटच्या, हे त्याला सांगावंच लागतं. लांब सरळ पट्ट्यावर रेसर डाव्या पायानं ब्रेकला हलकी टिचकी मारतात, ती मागे गेलेले पॅड पुढच्या वळणाआधी जागेवर आणण्यासाठी. पण त्यांना आपण ती का मारतो ते माहीत असतं, आणि शर्यत संपल्यावर बेअरिंग तपासलं जातं. रस्त्यावरच्या माणसाला आपण टिचकी शिकवतो आणि तपासणी विसरतो.

मग मोठे कॅलिपर का नकोत? हवे असतील तर घ्या, पण मऊ पॅडलवर औषध म्हणून घेऊ नका. मास्टर सिलिंडर तोच ठेवून कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ २० टक्के वाढवलं, तर पॅड तेवढेच सरकवायला २० टक्के जास्त ऑईल लागतं. म्हणजे पॅडल आणखी खाली. लाख-दीड लाख खर्चून माणूस आपलंच दुखणं वाढवून घेतो आणि लाल कॅलिपर दिसतात म्हणून खूश होतो. स्टीलच्या जाळीच्या होजचंही तसंच. जुना रबरी होज दाबाखाली फुगत असेल तर नवा होज पॅडल नक्की घट्ट करतो. पण होज फुगणं हेही कायम हजर असणारं कारण आहे. आज मऊ, उद्या घट्ट अशा पॅडलचं उत्तर त्यात नाही.

ब्लीडिंगही नेहमी निरुपद्रवी असतं असं नाही. जुन्या गाडीचा मास्टर सिलिंडर वर्षानुवर्षं आपल्या लांबीच्या एका ठरावीक भागातच चाललेला असतो. त्यापुढच्या भागात गंज आणि गाळ बसलेला असतो. ब्लीड करताना हेल्पर पॅडल थेट फळीला लावतो, आतले रबरी सील त्या खरबरीत भागावर घासतात आणि काल ठीक असलेला सिलिंडर आज आतून गळायला लागतो. मग "बघा, मास्टर सिलिंडरच गेलेला होता," असं सांगून त्याचंही बिल निघतं. पॅडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला असता तर हे टळलं असतं. कॅलिपर काढून बसवताना डावा-उजवा बदलला, की ब्लीडिंग निप्पल खाली येतं आणि हवा वरच्या टोकाला अडकून बसते. मग लिटरभर ऑईल ओतलं तरी ती निघत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. त्यांना गॅरेजवाल्याचा अंदाज मान्य नाही, ते गाडी लॅपटॉपला जोडतात आणि सांगतात, "स्कॅनरमध्ये कोड नाही, ब्रेक ओके." हा अंदाजही तितकाच अंदाज आहे, फक्त छापील. एबीएसचा संगणक चाकांचा वेग बघतो, बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा दाबही बघतो. पण डिस्क आणि पॅडमधली फट मोजणारा सेन्सर त्यात नसतो, ऑईल किती अंशांना उकळेल हे त्याला कळत नाही आणि बेअरिंगचा प्ले त्याच्या वहीत नाही. स्कॅनरचं खरं काम वेगळं आहे. एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा अडकली असेल तर बऱ्याच गाड्यांत त्याचे व्हॉल्व्ह स्कॅनरनं चालवल्याशिवाय ती निघत नाही. ज्या कामाला तो लागतो तिथं उद्यमनगर त्याला बोलवत नाही, आणि ज्या कामाचा तो नाही त्याचा दाखला सर्व्हिस सेंटर त्याच्याकडून घेतं.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र तांत्रिक नाही, पैशाचा आहे. मिस्त्री म्हणतो, "सायेब, तासभर तपासणी करून तुम्हाला सांगितलं की नट ढिला होता, तर तुम्ही मला किती देणार? ऑईल बदललं तर निदान डबा तरी दाखवता येतो." यात तथ्य आहे आणि दोष गिऱ्हाइकाचा आहे. आपण पार्टचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. नवा मास्टर सिलिंडर खोक्यातून निघाला की आपल्याला बिल पटतं. 'काहीच बदललं नाही, पण कारण सापडलं' असं म्हणत पाचशे मागितले की आपण भांडतो. मग गॅरेज पार्ट बदलत राहणार, दुसरं काय करणार? पन्नास लाखांची गाडी बाळगणाऱ्यानं निदानाचे पैसे वेगळे द्यायला शिकावं आणि गॅरेजनं ते निर्लज्जपणे मागायला शिकावं.

आणि ती तपासणी तासाभराची तरी कुठं आहे? इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा मारा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल आणि त्याची मदत मध्ये येणार नाही. (चालू इंजिनावर पॅडल थोडं हलकं लागतं, त्यालाच कित्येक जण दोष समजतात. बूस्टर बिघडला तर पॅडल मऊ नाही, उलट दगडासारखं होतं.) मग एकसारखा जोर देऊन मिनिटभर धरा. हळूहळू खाली गेलं तर बाहेर गळती शोधा. बाहेर थेंब नसेल आणि टाकीतली पातळीही उतरत नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवर. जागेवर राहिलं, पण पंप केल्यावर वर आलं, तर हवा किंवा जादा फट. मग योग्य क्लॅम्पनं रबरी होज एकेक करून दाबा. सगळे दाबल्यावर पॅडल घट्ट झालं तर दोष होजच्या पलीकडे, चाकांकडे आहे. एकेक सोडत गेलं की कुठलं चाक ते कळतं. हा क्लॅम्प स्टीलच्या जाळीच्या होजला लावायचा नाही, आणि साध्या पकडीनं रबरी होज चिरडायचा नाही.

त्यानंतर उद्यमनगरचं स्वतःचं हत्यार काढा. डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड नकलला पकडा, टोक डिस्कच्या कडेच्या थोडं आत टेकवा, डिस्क नटांनी घट्ट बसवून एक पूर्ण फेरा हातानं फिरवा. कंपनीगणिक मर्यादा वेगळी असते, पण बहुधा ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते. काटा त्याबाहेर गेला तर लगेच डिस्कला लेथवर चढवू नका. आधी डिस्क काढून हबचा फेस बघा. पावसाळ्यात तिथं गंजाची खपली धरते. ती घासून काढली की पुष्कळदा काटा जागेवर येतो. इम्पॅक्ट गननं नट वाट्टेल तसे आवळल्यावरही डिस्क वाकडी बसते. टॉर्क रेंच म्हणून जे हत्यार भिंतीवर टांगलेलं असतं, ते याचसाठी आहे. शेवटी टाकीतल्या ऑईलचा उत्कलनबिंदू तपासणाऱ्या यंत्रावर थेंब टाका. यंत्र नसेल, तर ऑईल शेवटचं कधी बदललं याची तारीख विचारा. तारीख सांगता येत नसेल, तर तेच उत्तर समजा.

एवढं झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "हवा हाय," तर मी एक शब्द बोलणार नाही. माझं भांडण हवेशी नाही. भांडण आहे ते न मोजता बोलण्याशी, आणि ते ऐकून घेऊन पैसे मोजणाऱ्या आपल्याशी. म्हणून पुढच्या वेळी गाडी हातात घेताना जॉबकार्ड वाचा. पॅडल कधी मऊ होत होतं, काय तपासलं, काटा कितीवर गेला आणि ऑईल कोणत्या दर्जाचं, कोणत्या तारखेला भरलं, या चार गोष्टी त्यावर असल्या पाहिजेत. 'ब्रेक सॉफ्ट, ब्लीड केले' एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका. गाडी तिथंच ठेवा आणि रिक्षानं घरी जा.